मोसंबीच्या फोडी

तातेरावांनी मोसंबी सोलली, मधोमध उघडली आणि बायकोपुढे धरली.

"मास्तरीणबाई, बघा. एवढ्या बराबर फोडी कुणी मांडल्या? हाय का न्हाई कुणीतरी वर?"

साधनाबाई भिंतीकडे बघत राहिल्या.

लग्न झाल्यापासून बदनापूरच्या त्या घरात हा प्रश्न संध्याकाळी ठरलेला. तातेरावांची मोसंबीची बाग, आणि राजूरच्या गणपतीवर श्रद्धा अशी की चतुर्थी कधी चुकली नाही. साधनाबाई जालन्याच्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायच्या आणि देव बिलकुल मानायच्या नाहीत. एक फोड तोंडात टाकून त्या शांतपणे म्हणायच्या, "फुलानं मांडल्या. आणि तुमच्या त्या मांडणाऱ्याला कुणी मांडलं?" तातेराव हसायचे आणि दुसऱ्या दिवशी नवी मोसंबी घेऊन हजर. भांडण म्हणा, नाहीतर संसार म्हणा, दोघांचा जीव त्यातच होता.

दिवाळीत साधनाबाईंना अर्धांगाचा झटका आला. हातपाय हळूहळू सावरले, वाचा मात्र परतली नाही. त्यांना सगळं समजतं, तुम्ही बोलत राहा, असं डॉक्टरांनी सांगितलं. तातेराव बोलत राहिले. पण आता त्यांचं म्हणणं कुणी खोडत नव्हतं. रोज तेच जिंकत होते, आणि असं जिंकून जिंकून खचत चालले होते.

आज त्यांच्याच्यानं राहवलं नाही. मोसंबी त्यांनी मांडीवर ठेवली.

"जाऊ दे साधना. आज तुझ्या बाजूनं मीच बोलतो. कुणी न्हाई वर. असता, तर तुझी वाचा त्यानं कशापायी नेली असती? फोडी आपोआप झाल्या. कुणी मांडल्या न्हाईत."

शब्द तिचे होते, पण या घडीला ते त्यांना खरंच पटले होते. जन्मभर जिथे हात जोडले, ती जागा रिकामी दिसली आणि ते घाबरले.

साधनाबाईंनी मान वळवली. आधी नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग त्याच्या मांडीवरच्या मोसंबीकडे. इतकी वर्षं खाल्लेलं ते फळ आज पहिल्यांदाच दिसल्यासारख्या त्या बघत राहिल्या. त्यांचं बोट पुढे आलं आणि एकेका फोडीवरून फिरलं. ओठ हलले.

"एवढ्या... बराबर?" साधनाबाई म्हणाल्या.