मोहोळची जुनी फाइल

दुपारी दोनला मोहोळजवळच्या पोल्ट्री शेडमधले पंखे मंदावले. बंद पडले असते, तर सात शेडांचे पंखे जिथून चालवले जातात त्या सोलापूरच्या ऑफिसात पूनमच्या स्क्रीनवर लाल दिवा लागला असता. नुसते मंदावले, म्हणून दिवा हिरवाच राहिला आणि खबर आली ती फोनवर.

"पंखं फिरत्यात की, पर वारंच न्हाय," शेडचे मालक कुंडलिक यांची बायको रेश्मा सांगत होती. "कोंबड्या चोची वासून बसल्यात. कायतरी करा लवकर."

"वहिनी, पंख्यांची पेटी उघडा आणि बटण हातानं फिरवा."

"पेटीला कुलूप हाय. किल्ली ह्यांच्याकडं, आन ह्ये गेल्यात बार्शीला लग्नाला. फोन लागंना. दगडानं फोडायलेय मी."

फोन टेबलावर चालूच राहिला. त्यातून लोखंडावर दगड आपटल्याचा आवाज येत होता.

बाहेर ऊन त्रेचाळीस अंशांचं. शेडमध्ये पस्तीस झालं होतं आणि चढत होतं. कोंबड्या पूर्ण वाढलेल्या, विक्रीला आलेल्या. अडतीसला त्या माना टाकू लागतात.

चूक पूनमला लगेच सापडली. वेळापूरच्या शेडमध्ये काल एक दिवसाची पिलं आली होती. दुपारच्या गरम झोतानं पिलं सुकतात, म्हणून दोन ते पाच पंखे मंद ठेवायचा नियम तिनं पहाटे घातला होता. नियम कोंबड्यांचं वय बघत होता. मोहोळच्या कोंबड्यांच्या वयाची जागा मोकळी होती, आणि मोकळी जागा म्हणजे शून्य. प्रोग्रामच्या लेखी मोहोळलाही आजच अंड्यातून निघालेली पिलं होती.

"मग वय भर की," जोतिराम म्हणाला. तो ऑफिसातला सगळ्यात जुना माणूस. सात शेडांचे सात प्रोग्राम मुळात त्यानंच लिहिले होते. गेल्या महिन्यात पूनमनं त्या सातांचा एक केला.

"भरलं. पण वय आता सारखं वाचलं जात नाही. एकदा रात्री बाराला आणि एकदा प्रोग्राम सुरू होताना, बस. ते दिवसातून एकदाच बदलतं म्हणून मीच तसं केलं."

"मग बंद करून चालू कर."

"नियम काढायचा तरी बंदच करावा लागतो. आणि बंद केला तर सातही शेडांचे पंखे थांबतात. परत फिरायला दहा मिनिटं. पहाटे चालून जातं. ह्या उन्हात नाही."

"सगळ्यांचं कोण सांगतंय? फक्त मोहोळचं कर."

"फक्त मोहोळचं असं वेगळं काही आता नाहीये, सर."

जोतिराम खुर्चीत मागं रेलला. "सात जागी तेच तेच लिहिलंय म्हणून हसत होतीस. झेरॉक्सचं दुकान म्हणालीस."

"म्हणाले. अक्कलकोटला लाइट जाऊन परत आली, पंखे काही सुरू झाले नाहीत. तिथल्या शेडवाल्या बिरप्पांनी सगळ्या मेलेल्या कोंबड्या खड्ड्यात पुरल्या. ती चूक तुम्ही अक्कलकोटला सुधारली. बाकी सहा जागी ती वर्षभर तशीच होती. सगळं एक केलं तेव्हा गेली."

फोनमधला दगड थांबला, पुन्हा सुरू झाला. स्क्रीनवर छत्तीस.

जोतिरामनं आपला लॅपटॉप तिच्याकडं वळवला. "मोहोळची जुनी फाइल आहे माझ्याकडं. माझ्या जुन्या प्रोग्रामची."

दारात उभे असलेले कंपनीचे मालक शिवराज आत आले. "डिलीट केल्या म्हणून सांगितलं होतंस."

"सांगितलं होतं." तो पूनमकडंच बघत होता. "इथूनच मोहोळच्या पेटीत घालता येते. मोहोळ तेवढं तुझ्या प्रोग्राममधून सुटेल. बाकी सहांना धक्का नाही."

"तिच्यात ती अक्कलकोटची चूक सुधारलीय?"

"नाही."

"महिनाभर तुमच्याकडं होती, सर."

"नाहीच म्हणून सांगितलेली फाइल सुधारायला कुठं बसू? तुझ्या शेजारी?"

म्हणजे पंखे आत्ता जोरात फिरतील. पण मोहोळची लाइट गेली, तर ती परत आल्यावर आपोआप फिरणार नाहीत, आणि हाताचं बटण कुलपात.

"प्रोग्राम तुझा आहे," शिवराज म्हणाले. "तू सांग."

सदतीस. ह्याच फाइली डिलीट व्हाव्यात म्हणून पूनम ह्याच खोलीत दोन मीटिंगा भांडली होती.

"घाला," ती म्हणाली.

जोतिरामनं फाइल घातली. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग फोनमधून आधी घरघर आली, तिच्यामागून रेश्माचा आवाज.

"आलं. आलं वारं. पिसं उडाय लागली बगा. ठेवते आता, हात पार सोलवटलाय माजा."

"वहिनी, कुलूप मात्र फोडाच..."

फोन बंद झाला होता. पूनमनं परत लावला. लाइन बिझी होती. रेश्मा नवऱ्याला लावत असावी.

"संध्याकाळी सुधारून देतो ती चूक," जोतिराम म्हणाला.

"संध्याकाळी?"

"बरं, आत्ता." त्यानं लॅपटॉप पुढं ओढला आणि टाइप करायला लागला. शिवराज त्याच्या मागं उभे राहिले. कुणी कुणाकडं बघत नव्हतं.

स्क्रीनवर मोहोळची ओळ करडी झाली. करडी म्हणजे तिकडून आकडा येत नाही. लाइट गेली की नुसतं नेट गेलं, हे स्क्रीन सांगत नाही. जोतिरामचे हात कीबोर्डवर थांबले.

पूनमनं पुन्हा फोन लावला. आता रिंग जात होती. पूर्ण वाजून तुटली, तिनं पुन्हा लावला.

मोहोळच्या शेडची शेवटची नोंद छत्तीस अंशांची आहे, आणि त्या वेळी तापमान उतरत होतं. तीन वाजेपर्यंत पुढची नोंद आलेली नव्हती.