तळ्यातला हात

धुकं काही हटायचं नाव घेत नव्हतं. बाई सकाळी नऊपासून डोंगरमाथ्यावरच्या कठड्याला चिकटून उभी होती, आता बारा वाजत आले होते. खाली तळं असणार एवढं फक्त ठाऊक होतं.

"मला पाण्याची भीती वाटते हो. म्हणून हे एकटेच बोटीतून गेलेत," तिने दुर्बीणवाल्याला तिसऱ्यांदा सांगितलं. "मनगटाला लाल मफलर बांधलाय. म्हणाले, तू वरून बघ, मी मधोमध आलो की हात करीन."

सकाळी दुर्बीणवाल्याने यावर थट्टा केली होती. नवऱ्याने दिलेला शब्द इथे तपासून मिळतो, म्हणाला होता. त्याच्या तोंडाचा पट्टा गावात प्रसिद्ध होता. पण मघाशी चहावाल्याने त्याला बाजूला घेऊन कानात सांगितलं, धुक्यात दोन बोटी आपटल्या, एक उलटली, एक माणूस सापडत नाही. तेव्हापासून तो नुसतं भिंग पुसत बसला होता. धुकं हटू नये, असं त्याला आयुष्यात पहिल्यांदाच वाटत होतं.

आणि धुकं हटलं.

तो घाईने दुर्बिणीला डोळा लावून वाकला. तळ्याच्या मधोमध एक बोट होती. दोघे जण वाकून कुणाला तरी पाण्यातून ओढत होते. त्या माणसाची मान लुळी पडली होती. एकाने त्याचा हात धरून वर उचलला. मनगटाला लाल मफलर होता.

तेवढ्यात बाईने दुर्बीणवाल्याला बाजूला सारून डोळा लावला.

"केला! हात केला त्यांनी!"

त्याने नळीला धक्का दिला. दुर्बीण समोरच्या शिखराकडे वळली.

"अगंबाई, गेलं," ती हसली. "असू दे, दिसले तर खरे. मी मेली उगाच जीव मुठीत धरून बसले होते." ती कठड्यावरून वाकून दोन्ही हात हलवू लागली. "मी हात केलेला त्यांना दिसत असेल का हो, दादा?"

हे त्याला रोज कुणी ना कुणी विचारायचं, आणि त्यावर त्याचा एक ठेवणीतला विनोद होता.

"दिसत असेल, ताई," तो म्हणाला. त्याने भिंगावर झाकण घातलं. "करा, अजून थोडा वेळ करा."