कॉइलखालचा लाल ठिपका

"ही कॉइल या मॅग्नेटोची नाही, सर. जोडी जमत नाही, म्हणून ठिणगी पडत नाही. कॉइल बदलू या," सिद्राम मिस्त्री म्हणाला.

नाडगौडा सरांच्या मनात पाल चुकचुकली. वीस वर्षं शेडमध्ये पडलेली टू-स्ट्रोक मोटारसायकल ते पुन्हा उभी करत होते. मॅग्नेटो जुन्या बाजारातला होता, पण कॉइल मूळची, कंपनीची. असला माल गॅरेजवाले हळूच लांबवतात, हे त्यांनी ऐकलं होतं. म्हणूनच गाडी देण्याआधी त्यांनी कॉइल काढून, बायकोच्या नेलपॉलिशनं तिच्या पायाला, बोल्ट बसतो तिथं, वरखाली लाल ठिपके दिले होते. खूण राहावी, पण कुणाला दिसू नये.

"मॅग्नेटो बदला. कॉइलला हात लावायचा नाही," असं बजावून ते स्टूल ओढून समोरच बसले.

मिस्त्रीनं मॅग्नेटो बदलला. पॉइंट घासले, प्लग बदलला, वायरी नव्या टाकल्या. तीन दिवस सर डोळ्यांत तेल घालून बसून होते. ठिणगी काही पडली नाही.

चौथ्या दिवशी मिस्त्रीनं न विचारताच कॉइल खोलली.

सर ताडकन उठले. "ठेवा ती खाली!"

मिस्त्री कॉइलचा पाय उजेडात धरून बघत होता. त्यानं ब्लेडनं लाल थर खरवडला, कॉइल परत आवळली आणि किक मारली. गाडी धूर सोडत धडधडू लागली.

"कॉइल चांगली होती. रंगामुळं तिचा पाय लोखंडाला टेकत नव्हता, अर्थिंग मिळत नव्हतं."

सर खाली पडलेल्या लाल कपच्यांकडे बघत राहिले.

मिस्त्री फडक्यानं बोटं पुसत राहिला. "तीन दिवस घास गोड लागला नाही, सर. वाटलं, माझ्याच हातातली कला गेली."