निळ्या चिंधीची बरणी

"लवंगी मिरची अजून पाव किलो टाक," मीराबाई दुकानदाराला म्हणाल्या. "हात आखडू नको."

त्यांची सून रुपाली नाकाला ओढणी लावून शेजारी उभी होती. भर मे महिन्यात लालबागच्या मिरची गल्लीत माणूस दुसरं काय करणार! पलीकडे मसाला कांडायचे डंख धडधडत होते आणि सगळी गल्ली खोकत होती.

"आई, दुर्बीण घालून बघितलंय डॉक्टरांनी. जठराला सूज आहे," रुपाली म्हणाली. "यंदा घरचा मसाला जरा सौम्य केला तर?"

"सुनेचं पोट कामाच्या वेळेलाच जळतं," मीराबाई दुकानदाराला म्हणाल्या. दुकानदार हसला. रुपाली ऑफिसला निघून गेली.

या सुनेवर मीराबाईंचा पहिल्यापासून दात. त्यांची लेक दर्शना फणसवाडीत दिली, तर त्याच मांडवात त्यांच्या स्वप्नीलने दर्शनाच्या नणंदेला पसंत केलं. तीच ही रुपाली. म्हणजे आता दोघी एकमेकींच्या नणंदा. लोक म्हणाले, बरं झालं, घरोबा वाढला. मीराबाई म्हणाल्या, पोरगा हातचा गेला. आणि हे त्या रुपालीला ऐकू जाईल अशाच बेताने म्हणत.

सून दिसेनाशी झाल्यावर त्यांनी दुसरी पिशवी उघडली. जठराची सूज दर्शनालाही होती. पण ती लेकीची सूज, तिला नाटक म्हणायची कोणाची छाती होती! या पिशवीत नुसती काश्मिरी मिरची होती, तीही बिया झटकून घेतलेली. धणे दुप्पट, बडीशेप मूठभर, काळी मिरी नावालासुद्धा नाही.

"हा आधी काढ," त्यांनी डंखवाल्याला बजावलं. "आणि डंख नीट पुसून घे हां. लेकीच्या पोटाचा प्रश्न आहे."

घरी आल्यावर त्यांनी तो मसाला बरणीत भरला, झाकणाला दर्शनाच्या जुन्या परकराची निळी चिंधी बांधली आणि स्वप्नीलला फणसवाडीला पिटाळलं. माहेरून आलेला जिन्नस आधी सासूच्या हातात द्यायचा ही रीत. ती मोडून लेकीला बोल लावून घ्यायचा नव्हता.

"विहीणबाईंच्या हातात दे. म्हणावं, हा दर्शनाच्या पोटासाठी."

लवंगीचा जाळ घरच्या डब्यात गेला.

मग फोनवर वैद्यकी सुरू झाली. सकाळी कोहळ्याचा रस, दुपारी पेज, वर चमचाभर तूप. काळ्या मनुका भिजवून, ज्येष्ठमधाचं चाटण मधातून. चहा बंद. दर्शना सगळं मुकाट्याने करत होती.

"आणि मसाला? तोच वापरतेस ना गो?"

"आमटी सासूबाईच करतात, आई. तुझाच असेल. पण जेवले की छातीपर्यंत आग आग होते गं."

"होणारच. तिकडे तुला सुखाचा घास कोण खाऊ देतंय! कोहळा सोडू नको, बाय माझी."

इकडे रुपालीने सुरुवातीला मूग आणि मऊ भात धरला होता. एकदा तिने कोहळा आणला, तर मीराबाईंनी त्याचे घारगे तळून सगळ्यांना वाढले. "रस काढून पैसे कशाला पाण्यात घालायचे?" रुपालीने ताटावरून उठून गार दूध घेतलं आणि तशीच झोपली. मीराबाईंना त्या रात्री घारगे दोन जास्तच गेले.

पण महिनाभरातच रुपाली आपली वाटीभर आमटी वेगळ्या पातेल्यात करू लागली. चांगली लालभडक आमटी. ती रोज ओरपायची आणि तिला काही व्हायचं नाही. उलट गाल भरले, डोळ्यांखालचं काळं गेलं.

"बघ तुझी बायको," मीराबाई स्वप्नीलला म्हणाल्या. "घरात एकच मसाला आणि तो जाळ. तरी पचतोय. कुठे गेली ती सूज?" मीराबाईंना इतकं बरं वाटलं की त्यांनी हे चाळीत चार बिऱ्हाडांना सांगितलं.

आणि रविवारी सकाळी फोन आला. दर्शनाला रक्ताची उलटी झाली होती. जठरात जखम निघाली, हॉस्पिटलमध्ये ठेवलं होतं. डॉक्टर पुन्हा पुन्हा विचारत होते, एवढं तिखट खाता कशाला?

माझी पोर, माझी पोर, एवढंच मीराबाईंच्या तोंडातून निघत होतं. रडतरडत त्यांनी पेज शिजवली. ती न्यायला थर्मास हवा होता, म्हणून रुपालीच्या फळीवर हात घातला. थर्मासमागे एक बरणी होती. अर्धी संपलेली. झाकणाला निळी चिंधी.

त्यांनी झाकण काढलं. बडीशेपेचा वास आला.

"चोरटे!" मीराबाई किंचाळल्या. "माझ्या लेकीच्या तोंडचा घास पळवलास?"

रुपाली मोरीतून हात पुसत आली.

"चोरला नाही. माझ्या आईने दिला, माझ्या पोटासाठी."

"आणि दर्शनाला काय घालत होती ती?"

"घरचाच, तिखट. मी म्हटलं होतं आईला, अगं, वहिनीचंही पोट जळतं ना." रुपालीने थर्मासात पेज ओतली, झाकण घट्ट लावलं आणि तो सासूच्या हातात दिला. "तर म्हणाली, सुनेचं पोट कामाच्या वेळेलाच जळतं."