हात लावलेला वजीर

अर्धांगवायूचा झटका आल्यापासून स्तामेनचा उजवा हात थरथरायचा आणि सगळे त्याला सांभाळून घ्यायचे. बायको त्सोंका तर कॉफीसुद्धा अर्धाच कप द्यायची, सांडू नये म्हणून. आज प्लोव्हदिव शहरातल्या बागेत बुद्धिबळाच्या पटावर घोड्याकडे निघालेला तो हात वजिराला लागला. चाळीस वर्षं समोर बसणारा रांगेल गरजला, “हात लावलास ना? मग वजीरच हलव!” बघे खवळले, “अरे कसाया, आजारी माणूस आहे तो!” “हात आजारी आहे. डोकं ठणठणीत आहे त्याचं. सूट मिळणार नाही!” वजीर गेला, पाठोपाठ डावही. स्तामेन शीळ घालत घरी आला. “जिंकलास वाटतं?” त्सोंकानं विचारलं. “छे! रांगेलनं सालटी काढली माझी. देव त्याचं भलं करो!” तिनं अर्धा कप पुढे केला. त्यानं तो परत सरकवला. “काठोकाठ भर. सांडली तर मी पुसेन.”