खांद्यावरचा हात

आ-चिंग आत आली तेव्हा तिचा नवरा पैजेच्या केंद्रात, मोठ्या पडद्याखाली उभा राहून माणसांना बास्केटबॉल शिकवत होता.

म्हणजे खेळ नव्हे. त्यावर पैसे कसे लावायचे, ते.

केंद्र वसाहतीच्या तळमजल्यावर होतं. तिथे घोडे आधीपासून होते, फुटबॉलही होता. आता सरकारने बास्केटबॉललाही परवानगी दिली होती आणि उद्या सकाळी पहिली पैज लागायची होती. नव्या पडद्यावर लाल कापड टाकलेलं होतं. देवापुढे संत्री मांडून झाली होती. केंद्रप्रमुख चोईबाई स्टुलावर चढून भिंतीला एक सूचना चिकटवत होत्या. जुगाराचं व्यसन जडल्यास कुठल्या क्रमांकावर फोन करायचा, ते तिच्यात लिहिलं होतं.

"हे बघा," आ-लाम सांगत होता. त्याच्या गळ्यात पंचाची शिट्टी होती आणि कानामागे पेन्सिल. "या संघावर साडेसहा गुणांचं ओझं आहे. म्हणजे तो सहाने जिंकला तरी आपले पैसे बुडाले. सातने जिंकायला हवा."

"जिंकूनही बुडाले?" ख्वाईकाका म्हणाले. काकांचा जन्म घोड्यांवर गेला होता. "त्यापेक्षा घोडा बरा रे बाबा. पुढे तो पुढे."

सगळे हसले, आणि हसता हसता त्यांना दारातली आ-चिंग दिसली. अंगात संघाचा निळा शर्ट, गुडघ्यांना पट्टे, चेंडूच्या धुळीने काळे झालेले हात. वसाहतीतल्या बायकांचा हा संघ आ-लामनेच उभा केला होता. रविवारी त्यांचा सामना होता, आणि रस्त्यापलीकडच्या मैदानावर बाकीच्या बायका सरावासाठी आ-लामची वाट बघत खोळंबल्या होत्या.

"या वहिनी, या!" चोईबाई स्टुलावरूनच म्हणाल्या. "लामसर काय सुरेख समजावतात! उद्या उद्घाटनाला भाजलेलं डुक्कर कापायचा मान आम्ही त्यांनाच दिलाय."

"मान," आ-चिंग म्हणाली.

"सराव चाललाय नुसता," आ-लाम घाईने म्हणाला. "खोट्या चिठ्ठ्या आहेत. पैसे कुणाचेच नाहीत."

"सरावाला लाल चड्डी लागते?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं.

"काय बोलतेस तू लोकांसमोर?"

"गादीखाली सापडली. नवी कोरी. घोड्यांच्या दिवसांत दर बुधवारी शर्यतीला तू घालायचास आणि गुरुवारी मी धुवायचे. विसरले असेन, असं वाटलं तुला?"

"नशीब उघडावं म्हणून लाल चड्डी मीही घालतो, पोरी," ख्वाईकाका म्हणाले. "काडीचा उपयोग होत नाही."

या वेळी कुणी हसलं नाही.

"वहिनी, तुम्ही उगाच घाबरता," चोईबाई म्हणाल्या. "आता सगळं कायदेशीर झालंय."

"घोडे कायदेशीरच होते. त्यांची लाथ काय हळू लागली?" ती आ-लामकडे वळली. "घर विकायची पाळी आली तेव्हा बास्केटबॉल तुझ्या हातात मी दिला होता. त्याने सोडवलं तुला. आता त्यालाही इथे आणून बांधलंस."

"घरी बोलू."

"घरी कशाला? इथेच मिटेल."

तिने उजवा हात वर केला आणि ती पुढे आली. सगळी गर्दी एकदम मागे सरली. ख्वाईकाकांनी खांबाला पाठ लावली. एकाने छत्री उघडून खांद्यावर धरली. चोईबाई स्टुलावरून उतरल्याच नाहीत.

"अगं, खांद्याला नको!" काका ओरडले. "पैज लावणाऱ्याच्या खांद्याला हात लागला की नशीब गेलंच त्याचं! उद्या पहिला दिवस आहे!"

"तुमचं नशीब नकोय मला, काका. तुमच्याकडे ते असतं तर तुम्ही इथे असता का?" ती आ-लामसमोर थांबली. "तू पैज लावणार नाहीस ना?"

"नाही म्हटलं ना एकदा."

"मग ये पुढे. खांद्यावर एकदा हात ठेवू दे. चड्डीचं नाव काढणार नाही. कशाचंच काढणार नाही. इथून सरळ मैदानावर जाऊ."

तिचा हात तसाच वर होता. आ-लामची पाठ भिंतीला लागली होती. तो तिथवर कधी गेला, ते बहुधा त्यालाही कळलं नव्हतं.

"हात मळलेत तुझे," तो म्हणाला.

"चेंडूची धूळ आहे ती."

सगळे त्याच्याकडे बघत होते. खरं तर त्याला एकच पाऊल पुढे टाकायचं होतं.

"आ-चिंग," तो अगदी हळू म्हणाला, "आज नको गं. उद्या रात्री ठेव."

रस्त्यापलीकडून बायकांच्या हाका आल्या. "अगं, सापडला का सर? का त्यालाही पैजेला लावलंस?"

आ-चिंगने हात खाली घेतला.

"शिट्टी दे," ती म्हणाली.

तो हलला नाही, तेव्हा तिनेच दोन बोटांनी दोरी धरली. पदक घालून घ्यायला वाकतात तशी त्याने मान पुढे केली. खांदे मात्र भिंतीला घट्ट टेकवून ठेवले आणि श्वास रोखून तिच्या बोटांकडे बघत राहिला. तिने दोरी जपून वर उचलली. त्याला कुठेही हात लागू दिला नाही.

दोरीबरोबर कानामागची पेन्सिल खाली पडली. आ-चिंग दाराबाहेर जाईपर्यंत ती उचलायला तो भिंतीपासून हलला नाही.