हातमिळवणी

तलवारबाजीच्या अंतिम सामन्यात माझा वार लागल्याचा दिवा पेटला. मी जिंकले, आणि माझी नजर बाकावरच्या साहेबांकडे गेली.

संघाच्या साहेबांनी सकाळीच बजावलं होतं, “जिंकलीस काय नि हरलीस काय, शत्रुदेशाच्या त्या पोरीशी हात मिळवायचा नाही. तुझे आईबाबा घरी एकटेच आहेत, विसरू नकोस.” आणि नियमाप्रमाणे सामन्यानंतर हात मिळवला नाही तर पंच बाद करणार! इकडे आड, तिकडे विहीर.

आम्ही मास्क काढले. माझी नजर साहेबांवरून हटेना, हात वर होईना. तीच पुढे आली आणि तिनं माझा हात खसकन ओढून घट्ट धरला.

“सांग त्यांना, मीच ओढला,” ती पुटपुटली.

तिच्यामागे तिचेही साहेब ताडकन उठले होते, तरी तिनं माझा हात सोडला नाही.